साठवणीतलं प्लास्टिक

मामा: जिवाणूंपासून प्लास्टिक बनतं असं वाचलं. ताई, तुझा विषय. पीएलए नावाचं जैव-प्लास्टिक म्हणतात ते हेच का?

ताई: नाही मामा. पीएलएमध्ये जिवाणू फक्त लॅक्टिक आम्ल बनवतात, त्याच्या रेणूंच्या साखळ्या कारखान्यात जोडतात. इथे अख्खं पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, पेशीतच तयार होतं. कार्बन भरपूर, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस अपुरा, अशी वेळ आली की जिवाणू वाढू शकत नाही. मग जास्तीचा कार्बन तो कणांच्या रूपात साठवतो, आपल्या अंगावर चरबी चढते तसा. पीएचबी हा त्यातलाच प्रकार, १९२६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मॉरिस लेम्वान यांनी शोधलेला.

वहिनी: एवढा जुना शोध, मग दुकानात का दिसत नाही?

ताई: महाग पडतं. जिवाणू कमी पडत नाहीत. क्युप्रिअ‍ॅव्हिडस नेकेटर या जिवाणूच्या कोरड्या वजनात ८० टक्क्यांपर्यंत पीएचबी भरतं! पण त्याला साखर किंवा तेल खाऊ घालायचं, मग पेशी फोडून माल वेगळा करायचा. क्लोरोफॉर्मने शुद्ध माल निघतो, पण विषारी द्रावक वापरून पर्यावरणपूरक वस्तू करण्यात काय अर्थ? माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे.

दादा: आणि ठिसूळ असतं म्हणे.

ताई: हो. साधारण १७५ अंशांना वितळतं आणि थोडं वर गेलं की साखळ्या तुटायला लागतात, त्यामुळे मोल्डिंगवाले वैतागतात. साखळीत व्हॅलरेट नावाचे वेगळे घटक मिसळले की लवचीक होतं. आयसीआय कंपनीचं ‘बायोपॉल’ असंच होतं. १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या आल्या होत्या.

मामा: मग सगळंच याचं करावं!

ताई: मला नाही पटत. साध्या प्लास्टिकची बाटली गोळा करून पुन्हा वितळवता येते. जी वस्तू परत हाती येणारच नाही, तिथे हे आधी वापरावं: शेतात मातीवर अंथरायचा मल्चिंग पेपर, मासेमारीची जाळी, खताच्या दाण्यांचं आवरण. मातीत आणि समुद्रातही सूक्ष्मजीव ते खातात. पीएलए समुद्रात वर्षानुवर्षं तसंच राहतं. शरीरात विरघळणारे टाके तर याच कुळातल्या पी४एचबीचे मिळतातच.

काकू: साखरेऐवजी सांडपाणी नाही चालत?

ताई: चालतं काकू, आणि मला सगळ्यात आशा त्याचीच आहे. टाकीतल्या मिश्र जिवाणूंना आलटून पालटून तुपाशी-उपाशी ठेवायचं. साठवण करणारेच तगतात, टाकी निर्जंतुक ठेवायचा खर्च वाचतो. फक्त सांडपाणी रोज वेगळं, म्हणून मालाची प्रतही बदलते. ती एकसारखी राखणं जमलं पाहिजे.