वादग्रस्त इतिहासातून माध्यमसाक्षरता शिकवतेय, पण मुलं कशावरच विश्वास ठेवेनाशी झालीत. काय करू?

खडूफळा:
नववी-दहावीच्या मुलांचा आठवड्याला एक तास घेते. एकाच घटनेच्या उलटसुलट बातम्या द्यायच्या आणि कोण काय म्हणतंय, का म्हणतंय, हे शोधायला लावायचं. सुरुवातीला मुलं रंगली. आता कोणतंही कात्रण हातात दिलं की मागच्या बाकावरून उत्तर तयार, "बाई, सगळेच खोटं लिहितात." शंका घ्यायला मी शिकवलं, पण शंकेतून बाहेर यायला नाही, हे फार मनाला लागलंय. कोणत्या घटना घ्याव्यात? अनुभवी मंडळींनी सुचवा.

जुनी पानं:
ताई, "दोन बाजू" हा साचा आधी सोडा. अशी घटना घ्या, जिच्यातलं काही पक्कं ठरलंय आणि काही नाही.

रॉजर फेंटन या ब्रिटिश छायाचित्रकाराने १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात काढलेले दोन फोटो बघा. जागा एकच. एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला आणि रस्ता मोकळा, दुसऱ्यात रस्त्यावरही गोळे. आधीचा कोणता? मुलं लगेच म्हणतात, फोटो भारी दिसावा म्हणून गोळे नंतर मांडले. "कशावरून?" म्हटलं की गप्प होतात. मग दोन्ही फोटो मोठे छापून द्या आणि उतारावरचे बारके दगड जोडीजोडीने शोधायला लावा. काही दगड एका फोटोत वर आहेत, दुसऱ्यात खाली घरंगळलेत. दगड आपणहून चढ चढत नाहीत, म्हणजे घरंगळलेला फोटो नंतरचा. आणि रस्त्यावर गोळे आहेत ते त्याच फोटोत. क्रम ठरला! पण गोळे कोणी हलवले आणि कशासाठी, ते दगड सांगत नाहीत.

वहीत दोन रकाने करायला लावतो, "दाखवून देऊ शकतो" आणि "माझा अंदाज". एका मुलीने पहिल्या रकान्यात "फेंटनने गोळे हलवले" लिहिलं, थोडा वेळ बघत बसली, मग "फेंटनने" खोडून "कुणीतरी" केलं. मला त्या तासाकडून एवढंच हवं होतं.

बातम्यांसाठी "मेन" घ्या. ही अमेरिकी युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ ला, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबातल्या हवानाच्या बंदरात स्फोटाने बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. चौकशी व्हायच्या आतच न्यूयॉर्कच्या काही वृत्तपत्रांनी स्पेनकडे बोट दाखवलं आणि एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. १८९८ आणि १९११ च्या चौकशांनी स्फोट बाहेरून झाल्याचं सांगितलं. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने कारण नौकेच्या आतच असावं, बहुधा कोळशाच्या कोठारातली आग, असं मांडलं. मुलांना आधी नुसत्या तारखा द्या. मथळा कधीचा, चौकशीचा निकाल कधीचा, ते त्यांनाच जुळवू दे.

पाटीपेन्सिल:
फोटोचा तास झकास. पण "सगळेच खोटं" यावर खरा उतारा रशियातल्या कातिनचं हत्याकांड आहे. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना ठार केलं. १९४३ मध्ये जर्मनीने कातिनची सामूहिक थडगी जगासमोर आणली, सोव्हिएतांनी आळ जर्मनांवरच ढकलला. कबुली आली थेट १९९० मध्ये. आता विचार करा, बातमी फोडणारे नाझी, हेतू निव्वळ प्रचाराचा, आणि तरी या एका बाबतीत ते सांगत होते ते खरं होतं. हेतू वाईट दिसला की माहितीही खोटीच, ही मुलांची पळवाट इथे बंद होते. तुमच्या मागच्या बाकाला नेमकं हेच हवंय.

आणि वेबसाइट तपासताना त्याच पानावर रेंगाळू देऊ नका. नवा टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते आधी बघू दे. सत्यता पडताळणारे पत्रकार तसंच करतात.

खडूफळा:
हेतू शोधला की काम झालं, असं मीच शिकवत होते. चूक तिथेच होती. या आठवड्यात फेंटनचे फोटो छापून घेते. कातिन फक्त दहावीला घेईन, आणि थडग्यांचे फोटो न दाखवता, तारखा आणि निवेदनांवरून. "मेन"चे जुने मथळे मराठीत उतरवून कुणाकडे असतील तर कृपया इथेच टाका.