क्लेम नाकारला म्हणजे पॉलिसीवालाच लबाड?

शाहूपुरीकर: काल इथं एकानं लिहिलंय, "लोक माहिती लपवतात, मग क्लेम नाकारला की ग्राहक आयोगात रडतात आणि आयोग दया म्हणून पैसे देतं." डोकंच फिरलं वाचून. 2019 च्या पुरात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी. कंपनीचा सर्व्हेअर म्हणजे नुकसान तपासणारा माणूस आला, फुगलेले तागे बोटानं दाबून बघितले आणि म्हणाला खरेदीची बिलं दाखवा. बिलांचा त्याच पाण्यात लगदा झालेला की ओ! जीएसटी रिटर्न दिले, बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट दिलं, तरी आपलं "कागद अपुरे"च. शेवटी आयोगात भांडून मिळाले. ही दया न्हवं, हप्ता भरलाय मी.

कोर्टकचेरी: पुराचं मान्य. पण मेडिक्लेमला तो नियम लावू नका. डायबेटिस आणि किडनीचा आजार लपवलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 2009 ला कंपनीचीच बाजू घेतलीय. खरं सांगायची जबाबदारी आधी तुमची.

राजारामपुरीची लेक: आणि 2021 चा निकाल कोण सांगणार? डायबेटिस फॉर्मवर लिहिलेला होता, तरी कंपनीनं हार्ट अटॅकचा क्लेम नाकारला, कोर्टानं द्यायला लावला. आणि लपवतं कोण हो? पप्पांचा फॉर्म एजंटनं भरला, बीपीची गोळी चालू आहे हे आईनं त्याच्या तोंडावर सांगितलं तर म्हणाला "राहू दे काकी, उगीच हप्ता वाढंल." सगळ्या प्रश्नांपुढं "नाही", एकाच पेनानं, एकाच हातानं.

विमावाला: सगळं खापर एजंटावर फोडायचं आता? न वाचता सही कोण करतं? पंधरा दिवसांची मुदत असायची पॉलिसी परत करायला, आता महिन्याची आहे, कुणी उघडून बघतं का ते पाकीट? आम्ही उन्हातान्हात फिरतो आणि शिव्या पण आम्हीच खायच्या.

राजारामपुरीची लेक: वडील आयसीयूत असताना कंपनीनं तो फॉर्म काढून दाखवला, तेव्हा तुमच्यातला एक फोन उचलत नव्हता. उन्हातान्हाचं आम्हाला सांगू नका.

कोर्टकचेरी: भांडू नका रे. ताई, पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असंल तर लपवल्याचं कारण कंपनीला पुढं करता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. 2024 पासून आहे हे, आधी आठ वर्षं होती.

राजारामपुरीची लेक: चौथं चालू होतं.

शाहूपुरीकर: तरी सोडू नका. नकाराच्या पत्रात जे कारण लिहिलंय त्याच्यापलीकडं नवीन कारण कंपनीला नंतर काढता येत नाही, हे पण सुप्रीम कोर्टाचंच, 2019 चं. ते पत्र नीट वाचा आधी. पुण्याच्या विमा लोकपालांकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडं, फी नाही, वकील लागत नाही, पण आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा आणि त्यांनी नाही म्हटल्यापासून वर्षाच्या आत जायला लागतंय.

विमावाला: फॉर्मची कॉपी आणि व्हेरिफिकेशन कॉलचं, म्हणजे माहिती खरी आहे का विचारायला कंपनी करते त्या फोनचं, रेकॉर्डिंग लेखी मागा. कॉलवर काकी बीपीचं बोलल्या असतील तर कंपनी अडकते. आमच्यातले काही जण तसं करतात, नाही म्हणत नाही मी.

राजारामपुरीची लेक: एवढं कालच बोलला असता तर. उद्या मेल टाकते.