रोबोटिक शस्त्रक्रियेत सोनोग्राफीचे चित्र थेट अवयवावर दिसल्याने काय साधते?

अनघा (बायोमेडिकल, शेवटचे वर्ष): दा विंची रोबोटने मूत्रपिंडातील गाठ काढताना पोटात सोडलेला छोटा सोनोग्राफी प्रोब रोबोटच्याच चिमट्यात धरून अवयवावर फिरवतात आणि त्याचे चित्र ‘टाइलप्रो’च्या सोयीने कन्सोलमध्ये (सर्जन जिथे बसून रोबोट चालवतो तिथल्या पडद्यावर) मुख्य दृश्याखालच्या वेगळ्या चौकटीत दिसते. हेच चित्र मिक्स्ड रिॲलिटीने (खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र योग्य जागी मिसळण्याच्या तंत्राने) प्रोबखालच्या भागावर बसवल्यास खरोखर फायदा होतो का?

मूत्ररोग_सर्जन: होतो, आणि तो गाठीची कड आखताना सर्वाधिक जाणवेल. आज प्रोब तिरका झाला की चौकटीतला करडा छेद मूत्रपिंडात कोणत्या दिशेने उतरला आहे, हे सर्जनला मनातच जुळवावे लागते. त्यानुसार पृष्ठभागावर डाग देऊन कापण्याची रेषा ठरते. ती आत सरकली तर गाठ उरण्याची भीती, बाहेर गेली तर निरोगी भाग वाया जातो. एकदा रक्तपुरवठा थांबवायला मूत्रपिंडाच्या धमनीला क्लॅम्प (चिमटा) लावला की पुन्हा शोधाशोध करायला सवड नसते.

प्रतिमा_अभियंता: अनघाताई, कल्पना जुनी आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बजुरा, फुक्स आणि ओहबुची यांनी 1992 मध्येच डोक्यावरच्या पडद्यातून सोनोग्राफीचे चित्र रुग्णाच्या शरीरातच असल्यासारखे दाखवले होते. खरी कसोटी जुळणीची आहे. प्रोबची जागा केवळ रोबोटच्या सांध्यांच्या मोजमापावरून काढली, तर बाहू मांडताना हलवल्या जाणाऱ्या सांध्यांतील चूक टोकापर्यंत वाढत जाते. म्हणून प्रोबवर खुणांची जाळी लावून पोटात सोडलेल्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यानेच त्याचा माग घेतात. त्या खुणांवर रक्त आले किंवा मध्ये हत्यार आले की माग तुटतो. अशा वेळी जुने चित्र तसेच ठेवण्यापेक्षा ते ताबडतोब नाहीसे झालेले बरे, असे माझे ठाम मत आहे.

अनघा: मग आधीच्या सीटी स्कॅनचे त्रिमितीय प्रतिरूप का वापरू नये?

मूत्ररोग_सर्जन: नियोजनाला जरूर वापरावे. मात्र पोटात वायू भरल्यावर आणि मूत्रपिंड सभोवतालच्या चरबीतून सोडवून फिरवल्यावर त्याची जागा व आकार दोन्ही बदलतात. सोनोग्राफी त्या क्षणीची स्थिती दाखवते. एक अपेक्षा मात्र आवर्जून सांगतो: बसवलेले चित्र पृष्ठभागावर चिकटवल्यासारखे न दिसता खोलीसह दिसावे, आणि खालचा रक्तस्राव झाकला जाऊ नये म्हणून ते क्षणात बंद करण्याची सोय सर्जनच्या हाताशी असावी.