डिस्क्रिशनरी ॲक्रुअल्समधून मी नक्की काय मोजतोय? सेमिनारमध्ये अडकलो, मार्गदर्शन हवंय

हिशोबी_विद्यार्थी

नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय ऑडिट क्वालिटी. प्रश्न असा की मोठ्या चार ऑडिट फर्म्सपैकी कुणी ऑडिट केलं तर कंपनी नफ्याच्या आकड्यात कमी फेरफार करते का. पद्धत नेहमीचीच, मॉडिफाइड जोन्स मॉडेल (विक्रीतला बदल आणि यंत्र-इमारतींसारख्या मालमत्तेवरून ॲक्रुअल्सचा, म्हणजे नफ्यातल्या अजून रोखीत न आलेल्या भागाचा, अंदाज देणारं समीकरण) घेऊन दर इंडस्ट्रीचं दर वर्षाचं वेगळं रिग्रेशन, त्यातून उरलेला रेसिड्युअल (समीकरणाने न समजावलेला भाग) म्हणजे डिस्क्रिशनरी ॲक्रुअल्स, यालाच फेरफाराचं माप धरतात, मग त्याची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू (अधिक-उणे चिन्ह सोडून) घेऊन दुसऱ्या रिग्रेशनमध्ये ऑडिटरचा डमी (मोठी फर्म असेल तर 1, नाहीतर 0). कोएफिशंट निगेटिव्ह आला, तीन स्टार (म्हणजे निव्वळ योगायोग असण्याची शक्यता फार कमी), मी खूश.

गेल्या आठवड्यात सेमिनारमध्ये मांडलं तर दुसऱ्याच स्लाइडला एका मॅडमनी विचारलं, "उरलेला भाग म्हणजे फेरफारच हे कशावरून? कंपनी झपाट्याने वाढत असेल तरी तो मोठाच येईल ना?" मला काही बोलताच येईना. सगळे पेपर हेच वापरतात असं म्हणालो तर त्या म्हणाल्या हे उत्तर नाही झालं. आणि त्यांचं बरोबर होतं. आता कंट्रोल (आकार, वाढ असे इतर घटक) वाढवू, दुसरं मॉडेल घेऊ का विषयच सोडू? गाईड म्हणतात रिझल्ट आलाय ना, लिहायला घ्या, पण मलाच तो आता पटत नाहीये.

उधारीखाते

विषय सोडू नका, हा प्रश्न दुसऱ्या वर्षातच पडला हे चांगलं झालं, माझ्या बाबतीत तो थेट रिव्ह्यूअरने विचारला होता आणि त्यात दीड वर्ष गेलं.

आधी मूळ 1991 चा जोन्स यांचा पेपर नीट वाचा, फक्त समीकरण नाही, पूर्ण पेपर. अमेरिकेतल्या काही उद्योगांनी सरकारकडे तक्रार केली होती की आयातीमुळे आमचं नुकसान होतंय, संरक्षण द्या. चौकशी चालू असताना नफा कमी दिसला तर त्यांचा फायदा. म्हणजे आकडे कोणत्या वर्षी आणि कोणत्या दिशेने हलायला हवेत हे जोन्सना डेटा बघायच्या आधीच सांगता येत होतं, आणि चौकशीच्या वर्षात ॲक्रुअल्स खरंच खाली गेलेले दिसले. पेपरची ताकद त्या प्रसंगात होती. आपण सगळ्यांनी प्रसंग सोडून दिला आणि समीकरण तेवढं उचललं.

तुमच्याकडे दिशाही नाही आणि वर्षही नाही. त्यात ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेतल्यावर तर धंद्यातले चढउतार सरळ त्या मापात शिरतात. ज्या कंपनीची विक्री एका वर्षी दुप्पट आणि पुढच्या वर्षी निम्मी, तिचा रेसिड्युअल मोठाच येणार, मग तिथला अकाउंटंट कितीही सरळमार्गी असो. आणि मोठ्या फर्म्सचे क्लायंट बहुतेक मोठे आणि स्थिर असतात, मग कोएफिशंट निगेटिव्ह येणारच की!

बरं हे नवीनही नाही. 1995 साली डेचो, स्लोन आणि स्वीनी यांनी ही मॉडेल्स तपासली होती (मॉडिफाइड जोन्स तिथलंच) आणि त्यांनाच दिसलं की ज्या कंपन्यांची कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट असते तिथे फेरफार नसतानाही टेस्ट "सापडला" म्हणून ओरडते, आणि खरा फेरफार एकूण मालमत्तेच्या 1 ते 5 टक्के एवढाच असेल तर बऱ्याचदा पकडतच नाही. तो पेपर संदर्भ म्हणून सगळे देतात, हा भाग मात्र वगळतात, याचा मला मनापासून राग येतो.

एक काम याच आठवड्यात करून बघा. फक्त लहान ऑडिटरवाल्या कंपन्या घ्या, त्यातल्या आकाराने मोठ्या अर्ध्या कंपन्यांना खोटाच "मोठा ऑडिटर" डमी लावा आणि तेच रिग्रेशन तुमच्या त्याच कंट्रोल्ससकट चालवा. तिथेही तीन स्टार आले तर तुम्ही ऑडिटर मोजत नाही आहात.

आणि रेसिड्युअल डिपेंडंट व्हेरिएबल म्हणून दुसऱ्या स्टेपला नेला की कोएफिशंट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही बिघडू शकतात, पहिल्या स्टेपचे व्हेरिएबल दुसऱ्या स्टेपच्या व्हेरिएबलशी जोडलेले असतात म्हणून. साधा उपाय म्हणजे एकाच रिग्रेशनमध्ये सगळं घालणं. पण ॲब्सोल्यूट व्हॅल्यू घेतली की हा उपाय सरळ लागू होत नाही, म्हणून अधिक-उणे चिन्हासकट मापाकडे या असं माझं मत.

तिसरा_ड्राफ्ट

वरच्या उत्तराला पूर्ण सहमत, फक्त एक गोष्ट, कुणीतरी तुम्हाला लगेच "मॅचिंग कर" (सारख्या कंपन्यांच्या जोड्या लावून तुलना कर) असं सांगेल म्हणून आधीच लिहिते. तुमच्याच प्रश्नावर हे होऊन गेलंय. 2011 मध्ये एका पेपरने प्रोपेन्सिटी स्कोअर (कंपनीने मोठी फर्म निवडण्याची शक्यता) वापरून मॅचिंग करून दाखवलं की क्लायंट सारखे घेतले तर मोठ्या फर्म्सचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. मग 2017 मध्ये दुसऱ्यांनी मॅचिंगचेच 3000 वेगवेगळे डिझाइन रँडम निवडून चालवले आणि बहुतेक ठिकाणी परिणाम परत आला. म्हणजे कॅलिपर (जोडीतला फरक किती चालेल) किती, एका कंपनीला किती जोड्या, नॉनलिनिअर टर्म्स घेतल्या का, असल्या निवडींवर उत्तर बदलतं. मॅचिंग जरूर करा पण या निवडी रिझल्ट बघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, तारीख टाकून.

मुळात अडचण ही की ऑडिटर कंपनी स्वतः निवडते. त्यामुळे जिथे निवड कंपनीच्या हातात नव्हती असा प्रसंग शोधा. 2002 मध्ये आर्थर अँडरसन ही मोठी ऑडिट फर्म कोसळली तेव्हा तिच्या क्लायंटना ऑडिटर बदलावाच लागला, कधी बदलायचा हे त्यांच्या हातात नव्हतं. पण कुणाकडे जायचं हे होतं, आणि बरेच क्लायंट उरलेल्या चार मोठ्या फर्म्सकडेच गेले, त्यामुळे तुमच्या मोठी-विरुद्ध-लहान प्रश्नाला तो प्रसंग अर्धाच लागू पडतो. असा अर्धवट बसणारा प्रसंगसुद्धा कुठे बसतो कुठे नाही हे प्रामाणिकपणे लिहिलं की सेमिनारमध्ये लोक ऐकतात.

मुलाखतवाला

मी क्वालिटेटिव्ह काम करतो त्यामुळे माझं बोलणं वेगळं वाटेल. तुम्ही आत्तापर्यंत एका तरी ऑडिटरशी बोललात का? पेपरसाठी नाही, समजून घ्यायला. ग्रॅहम, हार्वी आणि राजगोपाल यांनी 2005 च्या पेपरसाठी 400 हून जास्त वित्त अधिकाऱ्यांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की टार्गेट गाठायला आम्ही जाहिरात, आरअँडडी असले खर्च कमी करू, पण हिशोबाच्या पद्धतीत हात घालायची तयारी फार कमी जणांनी दाखवली. असं असेल तर फेरफार तुमच्या ॲक्रुअल्समध्ये दिसणारच नाही, तो खर्चात दिसेल, आणि जाहिरात कमी करू नका असं ऑडिटर थोडाच सांगू शकतो? चांगला ऑडिटर असला की नक्की कोणता फेरफार थांबतो हे आधी ठरवा. उत्पन्न कधी नोंदवायचं, बुडीत कर्जाची तरतूद किती, अशी एकच जागा धरली तरी मॉडेल कितीतरी नेमकं होईल.

हिशोबी_विद्यार्थी

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री खोट्या डमीची टेस्ट लावली. कोएफिशंट निगेटिव्ह, दोन स्टार. खऱ्या रिझल्टच्या जवळपास निम्मा परिणाम तिथेच आला, म्हणजे मी बराचसा आकारच मोजत होतो. वाईट वाटलं पण निदान कळलं तरी. आता मुलाखतवाला दादांचं ऐकून फक्त बुडीत कर्जाची तरतूद घ्यायचा विचार आहे, कारण तिथे पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष किती बुडालं त्याच्याशी पडताळता येतं. गाईडना टेस्टचा तक्ता दाखवला, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, लिहिणं थांबव, आधी हे कर.

उधारीखाते

छान! तो तक्ता प्रबंधात ठेवा, काढू नका. तरतूद घेणार असाल तर बँका वेगळ्या काढा, त्यांच्यावर तरतुदीचे नियामक नियम असतात, बाकी कंपन्यांशी मिसळलं की काही कळणार नाही. आणि एकूण ॲक्रुअल्स अजून कुठे वापरणार असाल तर ते कॅश फ्लो स्टेटमेंटमधूनच काढा, ताळेबंदातल्या फरकावरून काढलेत तर ज्या कंपन्यांनी त्या वर्षी दुसरी कंपनी विकत घेतली त्यांच्यात नसलेला फेरफार दिसेल.