उत्तरायणानंतरचं रिकामं घर : बडोद्याकडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ब-३०२ : वासी उत्तरायण (संक्रांतीचा दुसरा दिवस) संपली, पतंगांच्या फिरक्या माळ्यावर गेल्या आणि आपल्या विंगमधल्या निम्म्या घरांतली मुलं परत विमानात बसली. दिवस कामात निघतो, संध्याकाळ निघत नाही. जाणत्यांनी काही सुचवा. फक्त "होईल सवय" नको.

क-४०१ : वहिनी, मुलांची खोली त्याच दिवशी लख्ख करू नका आणि महिनाभर तशीच ठेवूही नका. चादरी-अभ्रे दुसऱ्या दिवशी धुवायला. रजया सलग दोन दिवस गच्चीवर, दुपारी एकदा उलटून. घडी मात्र निवल्यावरच घाला. गरम रजई गुंडाळली की आत ओल धरते आणि पावसाळ्यात वास मारते. प्लॅस्टिकची पिशवी नको, जुन्या सुती साडीत बांधा, मध्ये वाळलेला कडुनिंब. मुलांचं राहिलेलं सामान एका खोक्यात, वर यादी चिकटवून. औषधं असतील तर मुदतीची तारीख बघून काय ते टाकून द्या.

अ-१०४ : आणि हाताचा अंदाज बदला! सहा माणसांचा हात पडतो, अन्न उरतं, ते बघूनच घशाखाली घास उतरत नाही. दोघांना पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी तूरडाळ पुरते. दीड वाटी कणकेच्या सहा-सात पोळ्या होतात. पाच लिटरच्या कुकरात एवढीशी डाळ थेट लावली तर थर पातळ बसतो, पाणी आटतं आणि तळाला लागते. डब्यात लावा, खाली दोन वाट्या पाणी. उंधियू (उत्तरायणाची मिश्र भाजी) उरला असेल तर फ्रिजमध्ये दोन दिवस, पुढे मोह नको.

ड-२०१ : फोनचं मी सांगतो. "वेळ मिळेल तेव्हा कर" असं मुलांना सांगू नका, त्याने आपणच दिवसभर फोन हातात धरून बसतो. वार-वेळ ठरवा. न्यू जर्सी आत्ता आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, म्हणजे रविवारी आपल्या संध्याकाळी ७:३० ला तिकडे सकाळचे ९. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग तिकडे १० वाजलेले असतील, तेव्हा "उशिरा का उचलला" म्हणून रुसू नका. मेलबर्नवाल्यांनी दुपारी १२ चा धरावा, तिकडे संध्याकाळचे ५:३०. एप्रिलच्या पहिल्या रविवारनंतर ४:३०.

ब-५०३ : दिवेलागणीची वेळ कठीण, म्हणून नेमही त्याच वेळेला बांधायचा. सकाळी देवपूजा होतेच, संध्याकाळ मोकळी राहते, गडबड तिथे आहे. निरांजन, रामरक्षा, मग दत्तबावनी हे दत्ताचं स्तोत्र. सगळं मिळून वीसेक मिनिटं. दत्तबावनी आपल्या बडोद्याकडच्या मराठी घरांत गुजरातीतच म्हणतात, नारेश्वरच्या रंगअवधूत महाराजांनी १९३५ साली रचलेली, ५२ ओळींची. पाठ नसेल तर रोज चार ओळी घ्या. एकदम हरिपाठ, विष्णुसहस्रनाम असं सगळं अंगावर घेतलं की आठवड्यात नेम मोडतो आणि वर मोडल्याची रुखरुख.
वाती घरी वळा, हाताला काम राहतं. फुलवातीचा कापूस फार घट्ट पिळू नका, तूप वर चढत नाही. तूप नीट कढलेलं नसेल तर ताकाचा अंश राहतो, वात तडतडते आणि विझते. त्याला अपशकुन वगैरे समजू नये.

क-४०१ : नातवंडांना फोनवर रामरक्षा शिकवायची असेल तर एकदम बरोबर म्हणू नका, आवाज मागेपुढे येतो आणि पोर वैतागतं. आधी आजी, मग नातू. ३८ श्लोक आहेत, आठवड्याला दोन धरले तर मे संपेस्तोवर होतात.

अ-२०२ : थोडं वेगळं बोलते. देवापुढे बसलं की रडू थांबतंच असं नाही, आणि नाही थांबलं म्हणजे भक्ती कमी पडली असंही नाही. दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण जागेवर नाही, कशातच गोडी नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. मनाच्या तक्रारींसाठी सरकारी हेल्पलाइन टेलिमानसचा १४४१६ आहे, ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७. दोन्हीकडे फोन फुकट लागतो.

ब-५०३ : अगदी मान्य. जप आणि गोळी यांचं भांडण नाही.

अ-१०४ : रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू आहेच, यंदा घरोघरी करण्यापेक्षा विंगचं एकत्र करू या. लाडू आपणच वळायचे. साधारण साठ-पासष्ट लाडवांचं प्रमाण : तीळ अर्धा किलो, साधा गूळ अर्धा किलो, दाण्याचं कूट पाव किलो, भाजलेलं सुकं खोबरं एक वाटी, तूप दोन मोठे चमचे, वेलची. चिक्कीचा गूळ नको, लाडू कडक होतात, आपल्याकडे दातांची परिस्थिती माहीत आहे. तीळ मंद आचेवर फुलून तडतडेपर्यंतच, लाल झाले की कडवट. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बघा : बोटांत मऊ गोळी झाली की लगेच गॅस बंद. कट्कन मोडला तर पाक पुढे गेला, मग चिक्कीच थापा. मिश्रण घट्ट होऊ लागलं तर चमचाभर पाणी शिंपडून मंद आचेवर परत सैल करा. पाणी भसकन ओतलं तर लाडू बिघडतात. चौघीजणी वळायला हव्यात, एकटीला मिश्रण गरम असेपर्यंत उरकत नाही.

ब-३०२ : मी येते. वाणाचं काय?

अ-१०४ : मंगळबाजारातून आणू, पण प्लॅस्टिकचे डबे पुरे झाले. सुती पिशवी किंवा चहागाळणी. आणि ज्यांचे यजमान नाहीत त्यांनाही हळदीकुंकू द्यायचं, त्यावर चर्चा नको.

ड-२०१ : खाली हॉलची चावी वॉचमनकडे आहे, शनिवारी ४ ते ७ मोकळा. गॅसची छोटी शेगडी आमच्याकडून. तीळ-गूळ खंडेराव मार्केटमधून आणतो, पैसे नंतर बघू. पुरुषांना लाडू वळायला मनाई आहे का?

अ-१०४ : नाही काका, हात धुऊन या.