यलोस्टोनला आईबाबांना घेऊन जातोय, सॅटेलाइट मेसेजसाठी फोन पुरेल का?

मानसी_ओहायो
नमस्कार मंडळी, जुलैत साताऱ्याहून आईबाबा येतायत, त्यांना घेऊन यलोस्टोन आणि पुढे ग्लेशिअर नॅशनल पार्कला गाडीने जाणार आहोत. बाबांना शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे, आणि तिकडे ओल्ड फेथफुल, मॅमथ वगैरे वस्तीच्या जागा सोडल्या तर रेंज नसते असं वाचलं त्यामुळे टेन्शन आलंय. माझा आयफोन १५, नवऱ्याचा व्हेरायझनवरचा गॅलेक्सी एस२३, बाबांचा भारतातला रेडमी. फोनवरून सॅटेलाइटने मेसेज जातो तेवढ्यावर भागेल की गार्मिनचं इनरीच (सॅटेलाइटने मेसेज आणि एसओएस पाठवणारं वेगळं छोटं डिव्हाइस) घेऊ? नवरा म्हणतो एका ट्रिपसाठी कशाला तीन-चारशे डॉलर.

बोझमनकर
मी इथेच मॉन्टानात राहतो, यलोस्टोनच्या लमार व्हॅलीत नेहमी जाणं होतं आणि तिथे रेंज नावालाही नाही. तुम्ही रस्त्याच्या कडेने फिरणार असाल तर फोन पुरेल, पण तुमच्या दोन फोनचं काम वेगवेगळं चालतं ते समजून घ्या. आयफोन १४ पासून पुढच्या सगळ्या फोनना ग्लोबलस्टार कंपनीच्या सॅटेलाइटशी बोलता येतं, आधी नोव्हेंबर २०२२ ला फक्त इमर्जन्सी एसओएस आलं आणि आयओएस १८ पासून साधे मेसेजही जातात, मोबाइल कंपनी कुठलीही असो. यात फोन आकाशाकडे धरून उभं राहावं लागतं, स्क्रीनवर डावीकडे वळा उजवीकडे वळा असं दाखवतं, सॅटेलाइट सरकला की परत वळायचं. मोकळ्या माळावर पटकन जातो मेसेज, पण लॉजपोल पाइनच्या दाट झाडीत उभे राहिलात तर नुसतं सेंडिंग सेंडिंग दिसत राहतं, तेव्हा झाडांतून बाहेर यायचं हाच उपाय.

घरून निघायच्या आधी दोन गोष्टी नक्की करा. आयमेसेज (अ‍ॅपलची मेसेजची सोय) चालू ठेवा आणि घरच्यांना इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये टाका, कारण ज्यांच्याकडे आयफोन नाही त्यांना तुम्ही आधी मेसेज केल्याशिवाय तुमच्यापर्यंत पोचता येत नाही, इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये असले तर येतं. दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये सॅटेलाइटचा डेमो आहे तो अंगणात उभं राहून आईबाबांकडूनही करून घ्या, फोन तुमचा असला तरी वेळेला त्यांच्या हातात असू शकतो.

केदार_ऑस्टिन
एस२३ साठी टी-मोबाइलची टी-सॅटेलाइट सर्व्हिस घ्या. महिन्याला १० डॉलर, व्हेरायझन न सोडता दुसरं ई-सिम म्हणून टाकता येते, फक्त फोन अनलॉक्ड हवा, म्हणजे एकाच कंपनीला बांधलेला नको. जुलै २०२५ ला सगळ्यांसाठी सुरू झाली. स्टारलिंकचे साडेसहाशेच्या वर सॅटेलाइट साधारण ३६० किलोमीटरवरून फिरतायत, ते टी-मोबाइलचीच फ्रिक्वेन्सी वापरतात, म्हणजे फोनच्या दृष्टीने तो वरून जाणारा टॉवरच, म्हणून फोन कुठे रोखून धरायची गरज नाही, खिशातही मेसेज येऊन पडतो. व्हॉट्सअ‍ॅपही चालतं आता. पण आकाश उघडं हवं ही अट इथेही आहेच. माझं मत विचाराल तर दोन्ही फोनवर वेगवेगळी सोय असणं हे एका महागड्या डबड्यापेक्षा चांगलं.

शुभदा_आरएन
मी इमर्जन्सी रूममध्ये नर्स आहे त्यामुळे मला मेसेजच्या मजकुराची जास्त काळजी वाटते. एसओएस लावलं की फोन आधी प्रश्न विचारतो, काय झालंय, कोणाला, माणूस शुद्धीवर आहे का, ते सगळं नीट भरा, लोकेशन आपोआप जातं. पण मेडिकल आयडी (फोनमध्ये भरून ठेवलेली तब्येतीची माहिती) फोनच्या मालकाचा जातो, तुमच्या फोनवरून तुमचाच जाणार, म्हणून बाबांचं वय, शुगर, गोळ्यांची नावं आणि डोस नोट्समध्ये इंग्रजीत लिहून ठेवा आणि पहिल्याच मेसेजमध्ये घाला. 'प्लीज हेल्प' एवढंच पाठवलं तर समोरचा परत विचारणार आणि प्रत्येक फेरीत वेळ जातो. घरच्यांनाही मेसेज रोमनमध्ये टाका, देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, रोमनमध्ये १६०. आणि ग्लुकोजच्या गोळ्या बाबांच्याच खिशात हव्यात, गाडीत नाही. मदत यायला तिथे खूप वेळ लागू शकतो, मेसेज गेला म्हणजे अँब्युलन्स आली असं नाही.

रानवाटा_पुणे
ताई, इनरीच घेतलंत तर परतताना आईबाबांच्या सामानात चुकूनही भारतात पाठवू नका!! कुणा ट्रेकर भाच्याला बरं पडेल म्हणून देतात लोक. इथे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असली डिव्हाइस बाळगणं गुन्हा आहे, डिसेंबर २०२४ ला गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन पर्यटक बाईंना याच इनरीचवरून ताब्यात घेतलं होतं. आयफोन आणायला काही अडचण नाही, इथे त्यातली सॅटेलाइटची सोय चालतच नाही. आम्ही सह्याद्रीतले लोक वाट बघतोय, बीएसएनएल आणि वायासॅट या सॅटेलाइट कंपनीने २०२४ ला फोनवरून सॅटेलाइट मेसेजची चाचणी दाखवली, साध्या फोनशी थेट बोलणारा अमेरिकन ब्लूबर्ड सॅटेलाइट तर डिसेंबर २०२५ ला आपल्याच इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून वर नेला, पण घाटात पाय मुरगळला तर अजून माणूसच पळवावा लागतो रेंजपर्यंत.

मानसी_ओहायो
सगळ्यांचे मनापासून आभार. इनरीच रद्द, नवऱ्याच्या फोनवर टी-सॅटेलाइट एका महिन्यासाठी घेतो. शुभदाताई, गोळ्यांची यादी आजच बाबांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवते. बोझमनकर, एक राहिलं, ग्लेशिअरला गोइंग टू द सन रोडवर कड्याच्या बाजूला आकाश अर्धंच दिसतं ना, तिथे कसं?

बोझमनकर
त्याच रस्त्यावर लोगन पास या खिंडीत वर मोकळं आहे, तिथे लागेल. खाली मॅकडोनाल्ड तळ्याकडे गर्द सीडर आहेत, तिथे तळ्याच्या काठावर या, पाण्यावर आकाश उघडं मिळतं.