जावामध्ये रात्रभर वायांग बघायचंय, भाषा येत नाही, सोबत आई. जमेल का?

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये इंडोनेशियाला जायचं घाटतंय. बालीचे सल्ले नकोत प्लीज, ते घरी, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर पोटभर मिळालेत. मला जावा बघायचंय, योग्याकार्ता आणि सोलो. बोरोबुदुर, प्रंबानन तर होईलच, पण खरी ओढ वायांग कुलितची, म्हणजे म्हशीच्या चामड्याच्या बाहुल्या आणि पडद्यावर सावल्या. खेळ रात्री नऊच्या आसपास सुरू होतो तो पहाटेपर्यंत चालतो आणि सगळं जावानीजमध्ये. आई ६८ची आहे, शाकाहारी, रात्रभर कीर्तनाला बसते, पेंगतो तो मीच. तर भाषा कळत नसताना एवढं बसावं, की म्युझियममधला छोटा शो बघून मोकळं व्हावं?

टेकडीवरचा:
दोन्ही करा. योग्यात (योग्याकार्ताला सगळे योग्याच म्हणतात) केरातॉनजवळ, म्हणजे राजवाड्याजवळ, सोनोबुदोयो म्युझियम आहे, तिथे संध्याकाळनंतर दोनेक तासांचा रामायणाचा शो असतो, तो आधी बघा म्हणजे बाहुल्या ओळखायला लागाल. रात्रभराच्या खेळात मात्र बहुतेक महाभारतातली पात्रं. अर्जुन बारीक, नाजूक, मान खाली. भीम धिप्पाड, आणि अंगठ्याचं नख बघा, तेच त्याचं हत्यार. मग रात्रभराचा खेळ. तो मात्र तिकीट काढून मिळेलच असं नाही, बऱ्याचदा कुणाच्या घरचं कार्य नाहीतर गावाचा काही कार्यक्रम असतो, हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला विचारत राहायचं, आणि लोक पाहुण्यांना हाकलत नाहीत उलट चहा देतात. एक सांगतो, पडद्याच्या सावलीच्या बाजूलाच बसून राहू नका. मागे जा, दालांगच्या, म्हणजे बाहुल्या नाचवणाऱ्याच्या बाजूला. एकटा माणूस मांडी घालून रात्रभर सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, बाहुल्या नाचवतो, पायाने धातूच्या चकत्या वाजवतो आणि लाकडी ठोकळ्याने पेटीवर ठोकून मागच्या गामेलानवाल्यांना, म्हणजे वाद्यवृंदाला, इशारे देतो. हे बघायला भाषा कशाला पाहिजे? मध्यरात्री गोरो-गोरो हा विनोदी भाग येतो, सेमार आणि त्याची तीन पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग, तेव्हा सगळा मांडव हसत असतो. सेमार दिसायला ढेरपोट्या नोकर, पण मुळात देव, आणि राजांनाही चार शब्द सुनावतो. हा आपल्या महाभारतात नाहीच.

शंकाखोर:
तेच म्हणतो मी. तिकडे द्रौपदी फक्त युधिष्ठिराची बायको, शिखंडी म्हणजे श्रीकांदी, ती बाई आणि अर्जुनाची बायको. मग याला महाभारत कशाला म्हणायचं, मूळ कथेची वाट लावलीये.

टेकडीवरचा:
@शंकाखोर हजार वर्षं एखादी कथा ज्यांच्या घरात राहिली ती त्यांचीच झाली की. श्रीकांदी तिकडे धनुर्धर बाईचं नाव आहे, १९८८ला सोलच्या ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला पहिलंवहिलं पदक मिळालं ते बायकांच्या तिरंदाजी टीमने मिळवलेलं रौप्य, आणि त्या तिघींना लोक श्रीकांदीच म्हणतात. घटोत्कच तर एवढा लाडका की १९९५ला उडालेल्या त्यांच्या एन-२५० विमानाला त्याचंच नाव दिलं. आणि देवा रुची ऐकलीय का? द्रोण भीमाला अमृताच्या शोधात पाठवतो, तो समुद्रात शिरतो, तिथे त्याला अंगठ्याएवढा स्वतःसारखाच एक देव भेटतो आणि म्हणतो माझ्या कानातून आत ये. एवढा दांडगा भीम त्या कानातून आत जातो आणि आत अख्खं विश्व. @संत्रानगरी ही गोष्ट आईंना आधी सांगून ठेवा, कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला ती लगेच भिडेल.

कुडाळ_बाजार:
आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींकडे चामड्याच्या बाहुल्या आहेत आणि चित्रकथीसुद्धा, कागदावरची चित्रं एकेक समोर धरत गोष्ट सांगायची. परशुराम गंगावणेंना २०२१ला पद्मश्री मिळाली तेव्हा जरा नावं पेपरात आली. जावात वायांग बेबेर नावाचा प्रकार आहे, गुंडाळीवरची चित्रं उलगडत गोष्ट सांगतात, पाचितानला जुन्या गुंडाळ्या जपून ठेवल्यात, पण गोष्टी पांजी राजपुत्राच्या. कुणी कुणाकडून घेतलं या भानगडीत पडू नका, पण जायच्या आधी पिंगुळीला एक चक्कर मारा, मग तिकडे बघताना मजा दुप्पट. हो, आणि येताना मासे खाऊन जावा, आईंना सोडून :)

पालेभाजी:
आईंच्या जेवणाचं मी सांगते. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू सगळीकडे मिळतं, गाडो-गाडो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचा रस्सा, चांगलं लागतं. पण सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, सुकटाचा प्रकार समजा, त्यामुळे 'तान्पा तेरासी' (तेरासी नको) घोकून जा. गुदेग फणसाचं असलं तरी सोबत अंडं-चिकन असतंच, आणि आधीच सांगते, भयंकर गोड. थेपले न्या.
अवांतर: योग्यात आफांदी म्युझियम चुकवू नका. हा चित्रकार ट्यूबमधून रंग थेट कॅनव्हासवर पिळायचा, १९४९ला भारत सरकारच्या स्कॉलरशिपवर शांतिनिकेतनला आला होता, हे मला तिथे जाईपर्यंत माहीतच नव्हतं. त्याने काढलेली स्वतःच्याच चेहऱ्याची चित्रं बघताना मी बोरोबुदुरपेक्षा जास्त रेंगाळले, आता मारा मला. घराचं छप्पर केळीच्या पानासारखं आहे आणि त्याला पुरलंयही तिथेच.

संत्रानगरी:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आईला देवा रुची सांगितली, पहिला प्रश्न, "मग अमृत मिळालं का?" आता सांगा काय उत्तर देऊ. आणि बाटिकचं, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या कापडाचं? सोलोहून घ्यायचं का योग्याहून, खरं-खोटं कसं ओळखायचं?

पालेभाजी:
सोलोला लावेयानमध्ये बघा, योग्याहून लोकलने तासा-सव्वातासात पोचता. कापड उलटं करा, हाताने मेण काढलेल्या बाटिकमध्ये मागची बाजूही पुढच्यासारखीच रंगलेली दिसते, नुसतं छापलेलं असेल तर मागे फिकट. आणि हाताच्या कामात ठिपके कधीच अगदी सारखे नसतात. पारांग नावाची तिरप्या लाटांची नक्षी दिसली तर सांगून ठेवते, ती पूर्वी राजघराण्यापुरतीच होती, केरातॉनमध्ये जाताना अंगावर घालू नका. बाकी बिनधास्त घ्या, पण घासाघीस हसतखेळत करा.

टेकडीवरचा:
अमृताचं उत्तर, बाहेर काही नव्हतंच, द्रोणाने मारायलाच पाठवलं होतं, पण भीमाला आत जे कळलं तेच. आई पटवून घेतील बघा, तुम्हीच भांडाल.